थोडं दिसत असताना संगणकाकडून वाचून घेणं: कोणत्या क्रमाने, काय टाळून

बोलणारं सॉफ्टवेअर बसवलं, संगणक बोलायला लागला, मग थांबेचना, शेवटी वैतागून काढून टाकलं. थोडं दिसणाऱ्या लोकांकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतो, क्रमाचा असतो. ज्याला अजिबात दिसत नाही त्याच्यासाठी केलेलं साधन पहिल्याच दिवशी, आहे तसं, सगळ्या बडबडीसकट सुरू केलं जातं. तुम्हाला बटण दिसतंय, चित्र दिसतंय, फक्त ओळींमागून ओळी वाचवत नाहीत, तर तुमची गरज वेगळी आहे. खालच्या पायऱ्या त्या गरजेसाठी आहेत. पायऱ्या गाळू नका, विशेषतः चौथी.

१. डोळ्यांचं काम कोणतं, कानांचं कोणतं

सूत्र सोपं आहे: शोधायचं डोळ्यांनी, वाचायचं कानांनी. कुठल्या खिडकीत आहोत, मजकूर कुठे सुरू होतो, बटण कुठे आहे हे डोळ्यांनी. परिच्छेद, पत्रं, बातम्या कानांनी. दोन्ही एकदम करायला गेलात, म्हणजे आवाज चालू असताना अक्षरांमागे डोळे ताणत राहिलात, की डोळेही दमतात आणि ऐकलेलंही निसटतं.

त्यानुसार साधनांचे तीन प्रकार पडतात. पहिला, सांगितलेला मजकूर तेवढा वाचणारी साधनं: ब्राउझर किंवा वर्डमधली मोठ्याने वाचण्याची सोय. दुसरा, मोठं करून दाखवता दाखवता वाचणारं मॅग्निफायर. तिसरा, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावर जे जे घडतं ते बोलणारं साधन. विंडोजमधलं नॅरेटर आणि मोफत मिळणारं एनव्हीडीए ही तिसऱ्या प्रकारातली.

माझं मत: माउस अजून वापरता येत असेल तर पहिल्या दोन प्रकारांपासून सुरुवात करा. माउसचा बाण वारंवार हरवत असेल, किंवा मेन्यूतली नावं मोठी करूनही कळत नसतील, तर स्क्रीन रीडर लागेलच. तो पुढे ढकलत राहण्यात अर्थ नाही.

तपासा: नजर कशी कमी आहे यावर किती मोठं करायचं ते ठरतं. मधलं दिसत नसेल (मॅक्युलाच्या आजारात असं होतं) तर अक्षर मोठं केल्याचा फायदा होतो. कडेचं दिसत नसेल, काचबिंदूत किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसात होतं तसं, तर खूप मोठं केल्यावर उलट कमी मजकूर नजरेत मावतो. अशा वेळी आकार बेताचा ठेवा, रंगांतला फरक वाढवा आणि वाचनाचा जास्त भार आवाजावर टाका.

२. आवाजाला हात लावण्याआधीची तयारी

कीबोर्डवरच्या एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांनी ओळखता यायला हवेत, आणि आकड्यांचा वेगळा भाग असेल तर ५ वरचासुद्धा. कंट्रोल, ऑल्ट, विंडोज, इन्सर्ट आणि कॅप्स लॉक न बघता सापडायला हव्यात. सापडत नसतील तर त्यांवर खडबडीत टिकली चिकटवा. सगळ्या कळांवर मात्र चिकटवू नका, मग एकही वेगळी लागत नाही.

हेडफोन शक्यतो वायरचा घ्या. बऱ्याच ब्लूटूथ हेडफोनांत थोड्या शांततेनंतर पहिला शब्द कापला जातो. छोट्या छोट्या सूचना ऐकताना हा कापलेला शब्दच नेमका महत्त्वाचा असतो: ‘सेव्ह करू नका’ मधलं ‘सेव्ह’ गेलं की उरतं ‘करू नका’. हेडफोनचं दुसरं कारण गुप्ततेचं. खात्यातली शिल्लक आणि ओटीपी स्पीकरवर मोठ्याने वाचून दाखवला जाणं कुणालाच नको असतं.

विंडोजमध्ये विंडोज + यू दाबलं की ॲक्सेसिबिलिटीची सेटिंग्ज उघडतात. तिथे मजकुराचा आकार, माउसच्या बाणाचा आकार आणि रंग, आणि मजकुराच्या कर्सरचा ठळकपणा आधी नीट करून घ्या. शोधण्याचं काम डोळ्यांवर सोपवायचं, तर शोधायची वस्तू ठसठशीत हवी.

३. मराठी आवाज बसवणं

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. मराठी टाइप करायची सोय बसवणं आणि मराठी बोलणारा आवाज बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. कीबोर्ड मराठी झाला म्हणून संगणक मराठी बोलू लागत नाही.

बसवलेले आवाज सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषेच्या विभागात, स्पीच या ठिकाणी दिसतात. आणखी आवाज तिथूनच घेता येतात. त्या यादीत मराठी सापडेलच असं नाही. न सापडल्यास दोन चांगल्या वाटा आहेत:

– एज ब्राउझरच्या मोठ्याने वाचण्याच्या सोयीत ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ हे दोन मराठी आवाज आहेत. कानाला बऱ्यापैकी नैसर्गिक वाटतात. मात्र ते इंटरनेटवरून चालतात. जोडणी गेली की गप्प, आणि मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. वैद्यकीय अहवाल किंवा करारनामा वाचताना हे ध्यानात असू द्या.

– एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजयंत्रणेत मराठी आहे. आवाज यांत्रिक आहे, पहिल्यांदा ऐकताना कपाळाला आठी पडते. पण इंटरनेट लागत नाही, प्रतिसाद तत्काळ मिळतो आणि वेग खूप वाढवला तरी शब्द कळतात. लांब वाचनाला मनोहर-आरोही, रोजच्या कामाला ईस्पीक, अशी विभागणी मला पटते.

हिंदी आवाजावर मराठी वाचून घेणं हा तात्पुरता उपाय आहे. देवनागरी असल्याने तो वाचतो, पण ‘चमचा’ मधला च आणि ‘माझा’ मधला झ हिंदी वळणाने येतो. दोन पानं चालतं, वीस पानं चालत नाही.

तपासा: नोटपॅडमध्ये ‘आज १२ तारीख आहे, सकाळी ९ वाजता या’ असं वाक्य लिहून ऐका. पूर्ण वाक्य आलं तर आवाज बरोबर बसला. नुसते आकडे ऐकू आले, किंवा काहीच आलं नाही, तर बहुधा इंग्रजी आवाज चालू आहे आणि तो देवनागरी शब्द गिळतोय.

४. सगळ्यात आधी थांबवायला शिका

सुरू कसं करायचं हे सगळे विचारतात. थांबवायचं कसं हे कळेपर्यंत पुढची एकही पायरी चढू नका.

नॅरेटर आणि एनव्हीडीए दोन्हींत नुसतं कंट्रोल दाबलं की चालू असलेलं बोलणं तुटतं. एनव्हीडीएमध्ये शिफ्टने ते मध्येच थांबतं आणि परत शिफ्ट दाबल्यावर तिथूनच पुढे जातं. मॅग्निफायरचं वाचन कंट्रोल + ऑल्ट + एंटर याच जोडीने सुरूही होतं आणि थांबतंही.

साधन पूर्ण बंद करण्याच्या कळा वेगळ्या: नॅरेटरसाठी कंट्रोल + विंडोज + एंटर (सुरू करायलाही हीच), मॅग्निफायरसाठी विंडोज + एस्केप, एनव्हीडीएसाठी इन्सर्ट + क्यू आणि मग एंटर.

हे पाठ झालं की वेग. सुरुवातीला वेग फार कमी ठेवण्याची चूक जवळपास प्रत्येक जण करतो. शब्द सुटे सुटे यायला लागले की वाक्याचा अर्थ जुळत नाही आणि मन भरकटतं. साध्या बोलण्याच्या वेगावर सुरू करा आणि कान सरावेल तसा थोडा थोडा चढवा. नॅरेटरमध्ये कॅप्स लॉक धरून प्लस किंवा मायनस. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत (मांडण्यांबद्दल आठव्या पायरीत) इन्सर्ट + कंट्रोल धरून डावा-उजवा बाण वेग, स्वराची पट्टी, आवाजाची पातळी अशा सेटिंगांवर फिरवतो आणि वरचा-खालचा बाण ती वाढवतो-कमी करतो.

सावधान: कॅप्स लॉक ही साधनाची कळ (त्याला आज्ञा देताना धरून ठेवायची कळ) झाली की मोठी अक्षरं चालू-बंद करायला ती पटकन दोनदा दाबावी लागते. पासवर्ड चुकतोय असं वाटलं तर आधी हे बघा.

५. मॅग्निफायरकडून वाचून घेणं

ही सोय विंडोजमध्येच असते आणि तरी फार कमी लोकांना ठाऊक असते. मॅग्निफायर म्हणजे फक्त भिंग, असा समज आहे.

पायऱ्या अशा. विंडोज + प्लस दाबून मॅग्निफायर सुरू करा. त्याच कळांनी आणखी मोठं होतं, विंडोज + मायनसने लहान. सेटिंग्जमध्ये वाचनाचा आवाज आणि वेग निवडा. इथे संगणकावर बसवलेलेच आवाज मिळतात, एजमधले आरोही-मनोहर इथे नाहीत. आता बाण परिच्छेदाच्या सुरुवातीला नेऊन कंट्रोल + ऑल्ट धरून डावं क्लिक करा. वाचन तिथून सुरू होतं. एखादं वाक्य निसटलं तर कंट्रोल + ऑल्ट + एच मागचं वाक्य वाचतं, के पुढचं.

दृश्याचे तीन प्रकार आहेत: पूर्ण पडदा, भिंग, आणि वर चिकटलेली पट्टी. पूर्ण पडद्यात मोठं केल्यावर पान कुठे संपतं तेच कळेनासं होत असेल तर पट्टी घेऊन बघा. वर मोठं अक्षर, खाली मूळ पान. अंदाज सुटत नाही.

मॅग्निफायरने कशाच्या मागे जायचं हेही ठरवा: माउसच्या, कीबोर्डच्या की मजकुराच्या कर्सरच्या. तिन्ही चालू ठेवले आणि टाइप करताना माउसला धक्का लागला की दृश्य भलतीकडे उडी मारतं. लिहिताना मजकुराचा कर्सर पुरे.

६. ब्राउझर आणि वर्ड

एजमध्ये पान उघडून कंट्रोल + शिफ्ट + यू दाबा. वर येणाऱ्या पट्टीत आवाज आणि वेग बदलता येतो. पान जाहिरातींनी आणि मेन्यूंनी भरलेलं असेल तर आधी एफ९ दाबून बघा. पानाला ती सोय लागू होत असेल तर फक्त लेख उरतो, मोठ्या अक्षरात. मधूनच वाचायचं असेल तर आधी तो भाग निवडा, मग वाचन सुरू करा.

वर्डमध्ये कंट्रोल + ऑल्ट + स्पेसने वाचन सुरू होतं. ऑल्ट + उजवा बाण वेग वाढवतो, डावा कमी करतो. मजकूर मराठी असूनही त्याची भाषा इंग्रजी अशी नोंदलेली असली तर आवाज चुकीचा येतो. सगळा मजकूर निवडून भाषा मराठी करा. तरीही मराठी आवाज मिळाला नाही तर फाइलची वेब पान म्हणून एक प्रत काढा आणि ती एजमध्ये उघडा. पीडीएफ करून उघडण्यापेक्षा हे बरं, कारण देवनागरी पीडीएफमध्ये वेलांट्या आणि रफार जागा सोडतात.

मॅकवर असाल तर निवडलेला मजकूर वाचायला ऑप्शन + एस्केप (ॲक्सेसिबिलिटीत ही सोय आधी चालू करावी लागते). कमांड + एफ५ दाबल्यास व्हॉइसओव्हर हा पूर्ण स्क्रीन रीडर सुरू होतो. ती वेगळी गोष्ट आहे. नुसतं वाचून घ्यायचं असेल तर त्याच्या नादी लागू नका.

७. मजकूर खरंच मजकूर आहे का?

‘सगळं वाचतो, हीच फाइल वाचत नाही’ याचं उत्तर जवळजवळ नेहमी या पायरीत असतं. आवाजाची सेटिंग्ज बदलत बसण्याआधी एक चाचणी करा. फाइलमधली एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा.

ओळच निवडता आली नाही, तर ते चित्र आहे, स्कॅन केलेलं पान. त्यातून अक्षरं ओळखून घ्यावी लागतील. एक वाट गूगल ड्राइव्हची: फाइल चढवा आणि ती गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी ओळखलं जातं. पान सरळ, उजेड सारखा आणि फाइल आटोपशीर हवी. तिरकस फोटोतून निम्मा मजकूर बिघडून येतो.

चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला, तर मजकूर युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहे, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या. अशा फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात, वरचं रूप तेवढं देवनागरी. डोळ्यांना मराठी, यंत्राला बाराखडीचा पत्ता नाही. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण मूळ फॉन्टचं नाव बरोबर निवडावं लागतं. एका फॉन्टसाठीचं साधन दुसऱ्यावर चालवलं की जोडाक्षरं फुटतात.

मराठीच आलं पण ‘कि’ ऐवजी वेलांटी आधी आणि क नंतर, असं विस्कटलेलं असेल, तर पीडीएफच सदोष बनली आहे. तिच्याशी झगडण्यापेक्षा पाठवणाऱ्याकडे मूळ वर्ड फाइल मागा. मागायला संकोचू नका. त्यांच्याकडे ती असते.

८. स्क्रीन रीडर: गरज असेल तेव्हा, आणि बडबड कमी करून

एनव्हीडीए सुरू करताना येणाऱ्या पहिल्या खिडकीत दोन गोष्टी ठरवा. कीबोर्डची मांडणी डेस्कटॉप की लॅपटॉप, आणि कॅप्स लॉक एनव्हीडीएची कळ म्हणून, म्हणजे इन्सर्टसारखी आज्ञा देताना धरायला, चालेल का. लॅपटॉपवर इन्सर्ट अनेकदा एफएन कळीमागे दडलेली असते, म्हणून तिथे कॅप्स लॉक सोयीची. मांडणी चुकली तर शिकलेल्या कळा चालणारच नाहीत: सलग वाचनाला डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए कळ + खालचा बाण, लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए कळ + ए.

मग एनव्हीडीए कळ + १ दाबा. आता कुठलीही कळ दाबली तरी काही बिघडत नाही, ती काय करते तेवढं सांगितलं जातं. अर्धा तास इथेच खेळा. बाहेर पडायला पुन्हा तीच जोडी.

आता बडबड कमी करा. थोडं दिसणाऱ्यांसाठी हाच भाग कळीचा आहे:

– एनव्हीडीए कळ + एम: बाणाखाली येईल ते बोलणं चालू किंवा बंद. बटणं शोधताना चालू ठेवा. सलग वाचताना बंद, नाहीतर हात हलला की वाचन तुटतं.

– एनव्हीडीए कळ + २ आणि + ३: टाइप केलेलं अक्षर आणि शब्द बोलणं. दोन्ही एकदम नकोत. शब्द ठेवा.

– एनव्हीडीए कळ + पी: विरामचिन्हं किती बोलायची. रोजच्या वाचनाला ‘काही’ पुरे.

– एनव्हीडीए कळ + एस: बोलण्याची पद्धत. २०२४.१ या आवृत्तीपासून यात ‘मागितल्यावरच’ अशी पद्धत आली आहे. तुम्ही विचाराल तेव्हाच बोलायचं, एरवी गप्प. ज्यांना बरंचसं दिसतं त्यांनी हीच वापरून बघावी.

सेटिंग्जच्या दृष्टी विभागात सध्याच्या जागेभोवती रंगीत चौकट दाखवण्याची सोय आहे, ती चालू करा. आवाज कुठलं बोलतोय हे डोळ्यांना कळतं. सगळं मनासारखं झालं की एनव्हीडीए कळ + कंट्रोल + सी दाबून सेटिंग्ज जतन करा.

वेब पानावर वरपासून ऐकत बसू नका. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, ई दाबलं की पुढची लिहिण्याची चौकट. एनव्हीडीए कळ + एफ७ सगळ्यांची यादी देते. अक्षर दाबल्यावर उडी न मारता ते चौकटीत उमटलं, तर तुम्ही लिहिण्याच्या अवस्थेत आहात. एनव्हीडीए कळ + स्पेसने अवस्था बदला.

९. लिहिलेलं कानांनी तपासणं

गळलेला शब्द, दोनदा पडलेला शब्द, लिंग-वचनाची गडबड आणि दम लागेल इतकं लांब वाक्य कान लगेच पकडतो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र पकडत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ आवाजात जवळपास सारखेच. शंका आली की त्या शब्दावर बाणाने एकेक अक्षर पुढे जा, किंवा एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए कळ + वरचा बाण पटकन दोनदा दाबून ती ओळ सुटी अक्षरं करून ऐका.

देवनागरीची एक खोच: ‘क्षि’ वर उजवा बाण एकाच उडीत पुढे जातो, पण मागे खोडताना आधी वेलांटी जाते, मग ष, मग हलन्त, मग क. दर दाबाला काय खोडलं गेलं ते ऐका आणि हवं तिथे थांबा. न ऐकता धडाधड खोडलं की नको ते उडतं.

खाते क्रमांक, रक्कम, दूरध्वनी क्रमांक सलग ऐकून कधीही पुढे पाठवू नका. ४५०७८१२ हा क्रमांक ‘पंचेचाळीस लाख सात हजार…’ असा वाचला जातो आणि त्यात आकड्याची अदलाबदल झाली असली तरी कानाला खटकत नाही. आकडे एकेक करून ऐका.

१०. दोन आवाज, किंवा एकही नाही

एकाच वेळी दोघं बोलत असतील तर नॅरेटर आणि एनव्हीडीए दोन्ही चालू आहेत, बहुधा कंट्रोल + विंडोज + एंटर चुकून दाबलं गेलं. नॅरेटर त्याच कळांनी बंद करा. स्क्रीन रीडर चालू असताना एजचं किंवा वर्डचं वाचन सुरू केलं तरी असंच होतं. त्या वेळेपुरतं एनव्हीडीए कळ + एसने स्क्रीन रीडर ‘मागितल्यावरच’ वर न्या.

एकदम शांतता झाली तर या क्रमाने बघा: हेडफोन सैल झाला का, आवाज भलत्याच उपकरणाकडे जातोय का (मॉनिटर जोडल्यावर हे सर्रास होतं), इंटरनेट गेलं आणि निवडलेला आवाज ऑनलाइन होता का, एनव्हीडीए कळ + एस दाबली जाऊन बोलणंच बंद झालं का. यातलं काहीच नसेल तर कंट्रोल + ऑल्ट + एन. एनव्हीडीए नेहमीच्या पद्धतीने बसवलेलं असेल तर या कळांनी ते नव्याने सुरू होतं, पडद्यावर काहीही शोधावं न लागता.